पहिल्या नोंदीवरचा शेरा

चुकीच्या उत्तरावर नुसती फुली मारणारा शिक्षक आणि फुलीशेजारी दोन शब्दांचा शेरा लिहिणारा शिक्षक, यांच्यातला फरक आपण सगळे जाणतो. मराठी विकिपीडियावर नवागताचे काय होते ते पाहताना आम्हांला याच फरकाची आठवण होते.

१ मे २००३ रोजी सुरू झालेल्या या ज्ञानकोशात कोणालाही लिहिता येते. कृष्णेकाठी वाईला मराठी विश्वकोश घडला, त्याची रीत वेगळी होती. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी प्रमुख संपादक असताना १९७६ मध्ये त्याचा पहिला खंड निघाला. तेथे जाणकाराकडून नोंद लिहून घेत, संपादक ती तपासत आणि मगच ती छापली जाई. लेखकाची चूक कार्यालयाबाहेर जात नसे. विकिपीडियावर आधी प्रसिद्धी होते आणि मग तपासणी. त्यामुळे नवख्याची चूक चारचौघांदेखत पुसली जाते.

एक उदाहरण घेऊ. समजा, सांगलीतल्या एका शिक्षिकेने जवळच्या हरिपूरच्या पेवांविषयी चार ओळी लिहिल्या. जमिनीत खोल खणलेल्या या पेवांत हळद भरून तोंड बंद केले, की ती दीर्घकाळ किडीवाचून टिकते. २००५ च्या महापुरात अनेक पेवांत पाणी शिरले. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले खरे, पण पेव कसे भरत, हे सांगणारी माणसे कायमची राहणार नाहीत. म्हणून बाईंनी लिहिले. दुसऱ्या दिवशी त्या ओळी नाहीत. पानाचा ‘इतिहास’ उघडला तर कारण एवढेच: ‘संदर्भ नाही’. त्यांच्या चर्चापानावर मात्र स्वागताचा तयार मजकूर आणि खाली साहाय्यपानांचे दुवे. बाई पुन्हा लिहितील का?

येथे नियम चुकीचा नाही. ‘मी स्वतः पाहिले’ एवढ्यावर विज्ञानही थांबत नाही; दुसऱ्याला पडताळता आले पाहिजे. पण आमचा शोधनिबंध नाकारणारा परीक्षक कारणे लिहून देतो, आणि त्या कारणांवरूनच आम्ही पुढचा निबंध सुधारतो. उणीव आहे ती या शेऱ्याची. स्वागताचा मजकूर सर्वांना सारखाच असतो. तो लावणाऱ्याने नवागताचे लिखाण वाचलेले असतेच असे नाही.

ही नुसती हळव्या मनाची तक्रार नव्हे. इंग्रजी विकिपीडियावरील सक्रिय संपादकांची संख्या २००७ नंतर घटत गेली. अॅरन हाफाकर आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसले, की चांगल्या हेतूने येणाऱ्या नवागतांचे प्रमाण कमी झाले नव्हते. त्यांचे लिखाण नाकारले जाण्याचे प्रमाण मात्र वाढले होते, आणि असे लोक टिकत नव्हते.

जुन्या संपादकांची बाजूही आहे. जाहिराती, उतरवून काढलेला मजकूर आणि खोडसाळपणा रोज निस्तरायचा, आणि हात थोडे. पण हात थोडे आहेत म्हणूनच नवा हात गमावणे परवडत नाही. ‘पेवांची माहिती मोलाची आहे. जिल्हा गॅझेटियरमध्ये किंवा कृषी विद्यापीठाच्या पुस्तिकेत आधार मिळतो का पाहा. मिळाला तर मजकूर परत घालायला मी मदत करतो.’ हा शेरा लिहायला दोन मिनिटे लागतात.

मराठी विकिपीडियावर सरावाच्या पानाला ‘धूळपाटी’ म्हणतात. नाव नेमके आहे. पण धूळपाटीवर अक्षर गिरवताना शेजारी पंतोजी बसलेले असत, हे विसरून चालणार नाही. आपल्यापैकी जे शिक्षक तेथे लिहितात, त्यांनी महिन्याला एका नवागताची पहिली नोंद वाचावी आणि तिच्यावर स्वतःच्या शब्दांत शेरा द्यावा. हे काम आपल्या हाताला सवयीचे आहे.