कानांना जिभा फुटतात तेव्हा

मराठी भाषेचा विषय निघाला की ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायातली एक ओवी हमखास पुढे येते. आपला मराठी बोल अमृतालाही पैजेत हरवील, अशा आशयाची. ती फलकांवर असते, निमंत्रणपत्रिकांवर असते, २७ फेब्रुवारीच्या भाषणांत असते. तिच्यावर आपला जीव आहे आणि तो असायलाच हवा. पण ज्ञानदेव तिथे थांबलेले नाहीत. पैज लावली की ती जिंकून दाखवावी लागते. प्रचलित प्रतींत चौदाव्या ओवीत लावलेली ही पैज ते पुढच्या काही ओव्यांत जिंकतात, आणि तीही युक्तिवादाने नव्हे. ती जिंकली जाते ऐकणाऱ्याच्या शरीरात.

शके १२१२, म्हणजे इ.स. १२९०. प्रवरेकाठच्या नेवाशात हे निरूपण झाले, सच्चिदानंदबाबांनी ते लिहून घेतले. समोर श्रोते बसलेले आहेत, निवृत्तिनाथ बसलेले आहेत. शब्द कानांनीच घ्यायचा आहे. अशा वेळी ज्ञानदेव सांगतात की या बोलांतल्या रसाच्या लोभाने कानांनाच जिभा फुटतील, आणि इंद्रियांत आपसांत तंटा लागेल. शब्द हा तर कानाचा विषय. पण जीभ म्हणते, यातला रस आमचा. नाकाला वाटते हा परिमळच आहे. ओळींची वळणे पाहून डोळ्यांची तृप्ती होते आणि ते म्हणतात, ही तर रूपाची खाण उघडली. मग पद पुरते उभे राहिले की मन शरीराबाहेर धाव घेते, आणि बोलालाही मिठी मारायला बाहू फुटतात.

इथे क्रम पाहावा. शास्त्रांतला रूढ क्रम शब्द, स्पर्श, रूप, रस, गंध असा. ज्ञानदेव शब्दानंतर थेट रसावर जातात, मग गंध, मग रूप, आणि स्पर्शाला सगळ्यांत शेवटी ठेवतात. मला हा या ओव्यांतला सर्वांत देखणा निर्णय वाटतो. स्पर्श सर्वांत जवळचा, म्हणून तो उशिरा यायला हवा. चव घेतली, वास घेतला, डोळे भरून पाहिले. एवढे झाल्यावरच मिठीला अर्थ येतो. त्वचेचा तर उल्लेखही नाही. स्पर्शाचे इंद्रिय गाळून त्यांनी स्पर्शाची कृती तेवढी ठेवली आहे, आणि ती एकतर्फी नाही. ऐकणाऱ्याचे मन पुढे जाते तसा बोलही हात पसरून पुढे येतो.

मग तंटा मिटवायचा कसा? सूर्य एकटाच साऱ्या जगाला जागे करतो, तसा हा एकच शब्द सगळ्या इंद्रियांची समजूत घालतो. सूर्याला इथे हजार हातांचा म्हटले आहे. नुकत्याच फुटलेल्या बाहूंपाठोपाठ हे हजार हात येतात. एका उपमेचे बोट धरून दुसरी आली आहे, आणि आपल्याला सांधा जाणवतही नाही.

एवढा सोहळा करून ज्ञानदेव जेवणाचे ताट पुढे करतात. बोलांची ताटे, त्यांत वाढलेला कैवल्याचा रस, उजेडाला आत्मप्रकाशाची ठाणदिवी. आणि जेवायचे कोणी? जो इंद्रियांची नजर चुकवून जेवील त्याने. ज्यांना आत्ताच भांडायला लावले, त्यांनाच पंक्तीतून उठवले! कानांच्या आधाराशिवाय ऐका, मनाच्या अंगाने भोगा, असे ते सांगतात. इंद्रियांना बाजूला सारतानाही भाषा मात्र जेवणाचीच राहते, आणि मनालाही अंग असावे लागते. देहाच्या पलीकडे जायचे तर देहाचीच भाषा घेऊन जावे लागेल, हे ज्ञानदेवांना ठाऊक आहे आणि त्याचा त्यांना संकोच नाही.

याच अध्यायात पुढे कुंडलिनीचे, योग्याच्या देहात निजलेल्या शक्तीचे, वर्णन येते. गीतेच्या मूळ श्लोकांत कुंडलिनीचे नाव नाही. ती आली नाथपंथातून, गोरक्षनाथ, गहिनीनाथ, निवृत्तिनाथ या परंपरेने. कुंकवात न्हालेले नागाचे पिलू वेटोळे घालून निजावे तशी ती आहे. जागी होते ती भुकेने. हृदयाजवळचे मांस खाते, तळहात-तळपाय धुंडाळते, नखांतले सत्त्व काढते, सप्तधातूंचे समुद्र तहानेने पिऊन टाकते आणि शरीरात रखरखीत उन्हाळा करते. इतके निर्दय शरीरवर्णन मराठीत क्वचितच कोणी केले असेल. वाचताना अंग आक्रसते, आणि ते आक्रसावे अशीच ही रचना आहे.

त्यानंतर चंद्रामृताचे तळे कलते. कोरड्या त्वचेचा कोंडा झडतो. आतून निघणारे शरीर केशराचे वाटावे, संध्याकाळच्या आकाशातले रंग काढून घडवल्यासारखे दिसावे, कुंकवाने भरीव असावे. त्या पिलाच्या अंगावरचे कुंकू आता सगळ्या देहात भरले आहे. नागिणीपासून योग्याच्या कांतीपर्यंत ज्ञानदेवांनी एकच लाल रंग वाहत आणला आहे. आणि हे सगळे पाहून ते म्हणतात, मला तर ही अवयव धारण केलेली शांतीच दिसते. शांतीला हातपाय देणारा हा कवी आहे. अशा योग्याची इंद्रिये विझत नाहीत, ती वाढतात. त्याला समुद्रापलीकडचे दिसते, स्वर्गातला विचार ऐकू येतो, मुंगीच्या मनातले कळते. माझे मन या मुंगीपाशी अडते. समुद्र आणि स्वर्ग कोणीही लिहिले असते. जाणिवेची खरी कसोटी लहान जिवाशी लागते.

देहाची दुसरी बाजूही ज्ञानदेव लपवत नाहीत. तेराव्या अध्यायात म्हातारपण आधीच पाहून ठेवायला सांगताना ते म्हणतात की आज कमळाच्या पाकळ्यांशी भांडणारे हे डोळे उद्या पिकल्या पडवळासारखे होतील. तिथेही डोळे भांडतच आहेत. पण उपमा परसातल्या मांडवावरून आणली आहे, म्हणून ती बोचते. मध्ययुगीन संतकवींनी देहाला तुच्छ मानले, असे सरसकट सांगितले जाते. ज्याने देह तुच्छ मानला, तो पिकल्या पडवळाकडे इतके निरखून पाहणार नाही.

म्हणून ती प्रसिद्ध ओवी एकटी वाचू नये. सहाव्या अध्यायातल्या चौदा ते चोवीस या ओव्या एका बैठकीत, मोठ्याने वाचाव्यात. अर्थ लगेच कळला नाही तरी चालेल. आधी शब्द तोंडात घोळू द्यावा. मग त्याच अध्यायातली कुंडलिनी घ्यावी. घरात ज्ञानेश्वरी असेल तर आजच काढा.