यंत्र नाव सांगतं, कारण विसरतं

(प्रताप नगर, नागपूर येथील जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन)

प्रताप नगरातली मंडळी तर आहातच, पण खामल्याहून आणि त्रिमूर्ती नगरातूनही बरेच जण आलेले दिसतात. विषयाचं नाव वाचून काहींना वाटलं असेल की हे प्रोग्रामर लोकांचं काम, आपल्याला काय त्याचं? पण लिनक्सवर मराठी टाइप करणाऱ्या प्रत्येकाचं काम ह्या विषयावर टेकलेलं आहे. म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

लिनक्सवर आपण मराठी कळफलक निवडतो, तेव्हा मधे आयबस नावाची एक व्यवस्था काम करत असते. तिचा गाभा सी भाषेत आहे. तिच्यावर चालणारी इंजिनं मात्र पुष्कळदा पायथनमध्ये लिहिलेली असतात. आयबस टायपिंग बूस्टर हे त्यातलंच एक. दोन-तीन अक्षरं टाइप केली की ते पुढचा शब्द सुचवतं. त्याच्या जुन्या फायलींच्या माथ्यावर २०११ ते २०१३ चा कॉपीराइट अनिश पाटील यांच्या नावे आहे, आणि पुढचं काम माइक फाबियान यांचं. आता अडचण अशी, की पायथनला सी भाषेतली लायब्ररी थेट वापरता येत नाही. मधे दुभाषा लागतो. त्या दुभाष्याला बाइंडिंग म्हणतात.

ह्या एकाच प्रकल्पात दोन तऱ्हेचे दुभाषे आहेत. लिप्यंतरासाठी एम१७एन नावाची लायब्ररी लागते. तिच्याशी बोलणारा भाग हाताने लिहिलेला आहे, एकेक फंक्शन नावानिशी सांगून. आयबस आणि जीटीके ह्या लायब्ररींशी बोलणारा दुभाषा मात्र कुणी बसून लिहिलेला नाही. तो यंत्राने तयार झालेला आहे. आज आपल्याला तपासायचा आहे तो हा दुसरा.

तो कसा बनतो ते थोडक्यात सांगतो. सी कोडच्या वर प्रोग्रामर टिप्पणी लिहितो. त्यात साध्या वाक्यांबरोबर काही ठरावीक खुणा असतात: हे मूल्य रिकामं असू शकतं, ही यादी वापरून झाल्यावर मोकळी करण्याची जबाबदारी तुमची, हे फंक्शन इतर भाषांना दाखवूच नका. एक प्रोग्राम हे सगळं वाचतो आणि जीआयआर नावाची फाईल तयार करतो. तिच्यातून टाइपलिब नावाची छोटी, यंत्राला झटपट वाचता येणारी फाईल निघते. पायथन चालू असताना पायजीऑब्जेक्ट ती वाचतो आणि जागच्या जागी दुभाष्याचं काम करतो. लायब्ररीत नवं फंक्शन आलं, की ते पायथनमध्ये आपोआप हजर. ही सोय फार मोठी आहे. हाताने लिहायचं म्हटलं असतं, तर जीटीकेची हजारो फंक्शनं कुणी लिहिली असती?

पण यंत्राने केलेलं भाषांतर जसंच्या तसं पुरत नाही. काही जागी हात फिरवावा लागतो. हा हात कुठे फिरवावा, हा माझ्या मते खरा समीक्षेचा प्रश्न आहे.

सगळ्यात वाईट जागा म्हणजे यंत्राने बनवलेली फाईलच हाताने दुरुस्त करणं. यंत्र पुन्हा चालवलं, की दुरुस्ती पुसली जाते. पायजीटीकेच्या जुन्या काळात हा धडा लोकांनी चांगलाच शिकला. तिथे डेफ्स नावाच्या फायली असायच्या. त्या यंत्राने काढून मग हाताने नीट कराव्या लागत, आणि शेजारी ओव्हरराइड नावाच्या फायलींत सी कोड लिहावा लागे. ओव्हरराइड हा शब्द तेव्हापासून चालत आलेला आहे.

दुसरी जागा म्हणजे मूळ सी कोडवरची टिप्पणी. ही सगळ्यात चांगली. एक उदाहरण घेऊ. जीटीकेत लिस्ट स्टोअर तयार करणारं मूळ फंक्शन कितीही संख्येने मूल्यं घेतं. असं फंक्शन यंत्राला दुसऱ्या भाषेत नेता येत नाही. म्हणून यादी घेणारं एक जोडीदार फंक्शन आहे, आणि त्याच्या टिप्पणीत खूण केली आहे की इतर भाषांत ह्यालाच मूळ नावाने ओळखा. एका ओळीची ती खूण. पण तिचा फायदा पायथनला, जावास्क्रिप्टला, ही टिप्पणी वाचणाऱ्या प्रत्येक भाषेला मिळतो.

तिसरी जागा म्हणजे त्या त्या भाषेच्या बाजूला ठेवलेली वेगळी फाईल. रस्टमध्ये गिर टोमल असते. तिथे अमुक फंक्शन गाळा, तमुक हाताने लिहू असं सांगता येतं. वालामध्ये मेटाडेटा फाईल असते. पायथनमध्ये ओव्हरराइड, म्हणजे चक्क पायथन कोड. आयबसच्या भांडारात ह्या दोन्ही तऱ्हा शेजारी शेजारी बघायला मिळतात: वालासाठी मेटाडेटा, पायथनसाठी ओव्हरराइडची फाईल. लायब्ररी एकच, आणि दुभाष्यावर हात फिरवायच्या जागा दोन.

पायथनच्या ओव्हरराइडचं कौतुकही करायला हवं. जीटीकेतलं ट्री मॉडेल त्यामुळे साध्या यादीसारखं वापरता येतं: लांबी विचारा, क्रमांकाने ओळ मागा, लूपमध्ये फिरवा. जीलिबमधल्या व्हेरियंटला अनपॅक म्हटलं, की सरळ पायथनचं मूल्य हातात येतं. शिकणाऱ्याला हे सुखाचं आहे.

आता माझा आक्षेप. ही सोय फक्त पायथनपुरती असते. जावास्क्रिप्टवाल्यांनी आपली वेगळी ओव्हरराइड फाईल सांभाळायची. जे मूळ टिप्पणीत सांगता आलं असतं ते ओव्हरराइडमध्ये लिहिलं, तर तीच दुरुस्ती प्रत्येक भाषेत पुन्हा करावी लागते, आणि एखाद्या भाषेत ती राहूनच जाते. शिवाय ओव्हरराइड जितकं गोड, तितकी जुनी गोष्ट जास्त टिकते. २०२३ साली जीटीके ४.१० मध्ये ट्री व्ह्यू आणि लिस्ट स्टोअर डेप्रिकेट झाले. पण पायथनमध्ये ते इतके सोयीचे झालेले, की लोकांचा हात तिकडेच जातो.

डेप्रिकेट करणं म्हणजे काढून टाकणं नव्हे. हे अजून चालतं, पण नव्या कामात घेऊ नका, पुढे जाईल, असं जाहीर करणं. आपल्याकडे दुकान हलतं तेव्हा शटरवर पाटी लावतात. एका पाटीवर नुसतं 'दुकान बंद' असतं. दुसरीवर 'दुकान पुढच्या चौकात हलवले आहे' असं असतं. गिऱ्हाईकाच्या दृष्टीने ह्या दोन पाट्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. डेप्रिकेशनची कसोटीही हीच: ते नवा पत्ता सांगतं का?

ह्या कसोटीवर एकेक दुभाषा घासून बघू. सी भाषेत जीलिबने एक सोय ठेवली आहे. जुनं फंक्शन वापरलं, तर कंपायलर त्याऐवजी कोणतं वापरायचं ते नावासकट सांगू शकतो. वालामध्येही कधीपासून जुनं आणि बदली काय, हे दोन्ही नोंदवायची जागा आहे. रस्टचं बाइंडिंग बघा. तिथे यंत्र जी सूचना तयार करतं ती म्हणते, '४.१० पासून'. कधीपासून ते कळलं, पण जायचं कुठे? ते दस्तऐवजात जाऊन शोधायचं. आणि पायथन? सी टिप्पणीत लिहिलेलं 'त्याऐवजी हे वापरा' हे वाक्य जीआयआर फाईलपर्यंत येतं. पण टाइपलिब बनताना ते गळून पडतं. तिथे उरते एक खूण: जुनं झालं. पायथन चालताना टाइपलिबच वाचतो. त्यामुळे तो प्रामाणिकपणे एवढंच सांगतो, की अमुक डेप्रिकेट झालं आहे.

माझं आजचं मुख्य म्हणणं हेच आहे. यंत्र नाव नेतं, मूल्यांचे प्रकार नेतं, जुनं झाल्याची खूणही नेतं. कारण आणि नवा पत्ता मात्र वाटेत सांडतो. म्हणून माणसाने हात फिरवायची खरी जागा ती आहे. ओव्हरराइडचं पहिलं काम गोडवा वाढवणं नाही, हरवलेलं वाक्य परत आणणं हे आहे.

पायजीऑब्जेक्टने हे एके ठिकाणी छान करून दाखवलं आहे. टाइमआउट अ‍ॅड, आयडल अ‍ॅड अशी फंक्शनं पूर्वी पायथनमध्ये जीऑब्जेक्टच्या नावाखाली मिळत. त्यांची खरी जागा जीलिब. बदल करताना जुनं नाव तोडलं नाही. ओव्हरराइडमधून ते चालू ठेवलं, आणि वापरणाऱ्याला सांगितलं, की हे जुनं झालं, जीलिबचं अमुक वापरा. आपण ऑटोवाल्याला 'बर्डी' म्हणतो आणि तो सीताबर्डीला नेतो, तसंच हे. फक्त वाटेत तो नवी पाटीही दाखवतो. ह्यासाठी ओव्हरराइड लिहिणाऱ्यांना तयार साधनंही दिली आहेत, आणि त्यांना बदली नाव द्यावंच लागतं. हे मला फार आवडतं. नवा पत्ता दिल्याशिवाय पाटी लावताच येत नाही.

आता उलट उदाहरण. २०१४ मध्ये जीटीके ३.१४ ने स्टेटस आयकॉन डेप्रिकेट केला. स्टेटस आयकॉन म्हणजे पडद्याच्या कोपऱ्यातलं ते छोटं चिन्ह. आयबसच्या पॅनेलने तेच वापरलेलं, आत्ता मराठी चालू आहे की इंग्रजी हे दाखवायला. सूचनेत सूचनापटाचा पर्याय सुचवला होता, आणि थेट बदली नाही असंही कबूल केलं होतं. पण चिन्ह सतत दिसतं, त्यावर क्लिक करून भाषा बदलता येते. सूचना येते आणि जाते. पुढे जीटीके ४ मधून स्टेटस आयकॉन गेलाच. इथे पाटीवर पत्ता होता, पण तिथे दुसऱ्याच मालाचं दुकान. असा पत्ता कुठलंही बाइंडिंग सुधारू शकत नाही. दोष मूळ निर्णयातला आहे, आणि तो तिथेच दाखवला पाहिजे.

अजून एक प्रश्न राहतो: पाटी वाचतो कोण? पायथन २.७ आणि ३.२ पासून डेप्रिकेशनच्या सूचना एरवी दडवलेल्याच असतात. ३.७ मध्ये थोडी सूट मिळाली, पण ती तुम्ही थेट चालवलेल्या मुख्य फाईलपुरती. पायजीऑब्जेक्टने ह्यावर शहाणा तोडगा ठेवला: विषम क्रमांकाच्या चाचणी आवृत्तीत त्याची सूचना ठळक दिसते, सम क्रमांकाच्या स्थिर आवृत्तीत पायथनच्या रिवाजाप्रमाणे गप्प राहते. म्हणजे चाचणी आवृत्ती वापरणाऱ्यालाच ती दिसणार. आयबसचं इंजिन तर पडद्यामागे सुरू होतं. त्याच्यासमोर टर्मिनल उघडून कुणी बसलेलं नसतं. सूचना आली तरी ती वाचणार कोण? आणि ज्या दिवशी ते फंक्शन खरंच काढलं जाईल, त्या दिवशी इंजिन उठणार नाही. टाइप करणाऱ्याला एवढंच दिसेल, की कालपर्यंत चालणारं मराठी आज चालत नाही.

कुणी विचारेल, मग सगळं हातानेच लिहावं का? नाही. हाताने लिहिलेल्या जोडात मूळ लायब्ररी बदलली की कुणी सांगत नाही, पाटीच नसते. यंत्राचा दुभाषाच बरा. फक्त त्याच्यावर हात फिरवणाऱ्याने तीन गोष्टी पाळाव्यात. जी दुरुस्ती सगळ्या भाषांना लागते, ती मूळ टिप्पणीत करावी आणि तिथल्या मंडळींकडे पाठवावी. जी फक्त आपल्या भाषेची आहे तेवढीच ओव्हरराइडमध्ये ठेवावी. आणि जुनं जाहीर करताना नवा पत्ता लिहावा. थेट बदली नसेल तर तसं स्पष्ट लिहावं.

इथे इंजिनिअरिंगचे बरेच विद्यार्थी बसलेले दिसतात. मोठ्या प्रकल्पात आपण काय करणार, असं वाटत असेल, तर हे काम तुमच्यासाठीच आहे. मराठी कळफलक ज्या लायब्ररींवर चालतो, त्यांच्या टिप्पण्या उघडा. जुनं झाल्याची खूण आहे पण बदली सांगितलेली नाही, अशी एखादी जागा शोधा, योग्य बदली कोणती ते समजून घ्या, आणि ते एक वाक्य लिहून पाठवा. ते एक वाक्य उद्या कुणाचं तरी मराठी चालू ठेवेल.

आता प्रश्न घेऊ.