सहा चौकटी आणि एक गटार

शहरात पडणाऱ्या पावसाच्या पाण्याचे काय करायचे, यावरचे अलीकडचे लिखाण चाळले की एक आकृती वारंवार भेटते. डावीकडून उजवीकडे सहा चौकटी : नळाने पाणी पुरवणारे शहर, मैला वाहून नेणारे शहर, पावसाचे पाणी झटपट बाहेर काढणारे शहर, नद्या-ओढे जपणारे शहर, वापरलेले पाणी पुन्हा चक्रात आणणारे शहर आणि शेवटी पाण्याची जाण असलेले शहर. ब्राउन, कीथ आणि वाँग या अभ्यासकांनी ऑस्ट्रेलियातील शहरांच्या इतिहासावरून २००८ च्या सुमारास ही मांडणी केली. सहाव्या चौकटीत जगातले एकही शहर पोचलेले नाही, हेही त्यांनी तेव्हाच सांगून टाकले होते.

आकृती चांगली आहे, हे आधी मान्य करू. प्रत्येक काळात समाजाने शहराकडे काय मागितले, हे तीत चौकटीच्या वर लिहिलेले असते आणि शहराने काय दिले ते खाली. साथी हटवा, म्हणून मैलावाहिन्या. पूर नको, म्हणून नाले. फळ्यावर काढायलाही सोपी. आमची तक्रार आहे ती चौकटींना जोडणाऱ्या बाणांविषयी. ते फार गुळगुळीत आहेत. मूल दरवर्षी वरच्या इयत्तेत जाते तशी शहरेही आपोआप पुढे सरकतात, असा समज त्यातून होतो. (वरच्या इयत्तेत गेले म्हणजे खालचे सगळे समजलेले असते, असे आपण शिक्षक तरी म्हणणार नाही.)

मेलबर्नचेच पाहू. हे शहर पोर्ट फिलिप या जवळजवळ बंदिस्त उपसागराच्या काठी आहे. १९९२ ते १९९६ या काळात या उपसागराचा मोठा शास्त्रीय अभ्यास झाला. तळाच्या गाळातले जिवाणू पाण्यात येणाऱ्या नायट्रोजनच्या संयुगांपासून नायट्रोजन वायू तयार करतात आणि तो हवेत निघून जातो, असे त्यात दिसून आले. उपसागराची साफसफाई हे जिवाणू फुकटात करत होते. मात्र भार फार वाढला तर ही व्यवस्था कोलमडेल आणि शेवाळ माजेल, असा इशाराही अभ्यासात होता. म्हणून उपसागरात येणारा नायट्रोजन वर्षाला १००० टनांनी कमी करायचे उद्दिष्ट पुढे आले. त्यातला निम्मा नद्या-नाल्यांमधून येणाऱ्या पाण्यातून, म्हणजे रस्ते, छपरे आणि बागा धुऊन निघालेल्या पाण्यातूनही, कमी करायचा होता.

‘नाले स्वच्छ ठेवा’ असे नुसते म्हटले तर कोणालाच जाब विचारता येत नाही. ‘इतके टन’ म्हटले की विचारता येतो. मेलबर्नमध्ये जाब द्यायला संस्थाही होती. नद्या, मोठे नाले आणि मैलाशुद्धीकरण हे सारे ‘मेलबर्न वॉटर’ या एकाच संस्थेकडे होते. १९९९ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे आली : पावसाच्या पाण्यातला ८० टक्के गाळ आणि ४५ टक्के नायट्रोजन व फॉस्फरस वाटेतच अडवावा. त्याच सुमारास लिनब्रूक या नव्या वसाहतीत प्रयोग झाला. तिथे रस्त्याकडेला गवताचे उथळ चर केले, त्यांच्या खाली खडी घातली आणि पुढे पाणथळ तळी ठेवली. अशी घरे लोक घेतील का, ही शंका होतीच. त्यांनी घेतली. नव्या निवासी वसाहतींना असे करणे बंधनकारक झाले ते २००६ मध्ये. अभ्यास सुरू झाल्यापासून नियम होईपर्यंत १४ वर्षे गेली. सरकारी खाती, विद्यापीठे आणि बांधकाम व्यवसाय यांतली काही चिकाटीची माणसे या काळात एकमेकांना धरून राहिली. ब्राउन यांनी दुसऱ्या एका लेखनात त्यांची दखल घेतली आहे, पण आकृतीत त्यांना जागा नाही. शिवाय तो नियम नव्या वसाहतींपुरता होता. जुन्या वस्तीतली छपरे पूर्वीसारखीच गटारात ओतत राहिली.

हीच आकृती मुंबईवर ठेवून पाहिली तर ती आणखी डळमळते. मुंबईची जुनी गटारे तासाला सुमारे २५ मिलिमीटर पावसासाठी बांधलेली, तेही ओहोटी असेल तर. ही क्षमता ५० मिलिमीटर करावी, असे ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवालाने १९९३ मध्येच सांगितले होते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, तेव्हा त्यातली बहुतेक कामे कागदावरच होती. काय करायला हवे हे १२ वर्षे ठाऊक असूनही बाण जागचा हलला नव्हता. अहवालाचे हे लांबलचक नाव उलगडले तर त्यात पावसाच्या पाण्याची ‘विल्हेवाट’ लावायचीच भाषा आहे. दुसरीकडे, मोठ्या भूखंडांवरच्या नव्या इमारतींना पावसाचे पाणी साठवण्याची सक्ती २००२ मध्येच झाली होती. म्हणजे तिसरी चौकट अपुरी असताना पाचवीतला नियम आला, आणि अनेक वस्त्यांना तर पहिली-दुसरीही पुरती मिळालेली नाही. या शहराला बसवायचे कोणत्या चौकटीत?

मिठी नदीची लांबी जेमतेम १८ किलोमीटर. विमानतळाने तिला वाकवले, वांद्रे-कुर्ला संकुल तिच्या मुखाजवळच्या दलदलीत भराव टाकून उभे राहिले, काठावर कारखाने आणि झोपड्या आल्या. २००५ च्या पुरानंतर तिच्यासाठी प्राधिकरण झाले, पण प्रत्यक्ष काम महापालिका आणि एमएमआरडीए यांच्यात वाटले गेले. पात्र रुंद करताना घरे गेली ती झोपडीवाल्यांची. धावपट्टी जागेवरच आहे. आकृतीत चौकटीच्या वर ‘समाजाची मागणी’ असते. समाजातल्या कोणाची मागणी, आणि तिच्यासाठी जागा कोणी सोडायची, हे तिथे लिहिलेले नसते.

तरीही ही आकृती वर्गात जरूर काढावी. फक्त बाण पुसून टाकावेत आणि त्यांच्या जागी काय लिहायचे ते मुलांना शोधू द्यावे. सुरुवात शाळेपासून करता येईल. छप्पर ४०० चौरस मीटरचे असेल, तर २५ मिलिमीटर पावसात त्यावरून १०,००० लिटर पाणी उतरते. फाटकाबाहेर ते ज्या गटारात जाते ते नगरपालिकेचे, ग्रामपंचायतीचे की सार्वजनिक बांधकाम खात्याचे? ते तुंबले तर अर्ज कोणाच्या नावे करायचा? मुलांनी तो खरोखर लिहून द्यावा, पोच घ्यावी आणि उत्तर कधी येते त्याची तारीख वहीत नोंदवावी.