एका खंडाचे दोनच खंड

दक्षिण अमेरिकेत पक्ष्यांच्या ३,००० हून अधिक जाती आहेत; इतक्या दुसऱ्या कोणत्याही खंडात नाहीत. रिजली व ट्यूडर यांच्या 'द बर्ड्स ऑफ साउथ अमेरिका' या ग्रंथाचे चार भाग योजले होते. निघाले दोनच, १९८९ व १९९४ साली. मकाव, टूकन, हमिंगबर्ड त्यांत नाहीत. वर्गात ही उणीव जाणवेलच. मात्र दुसऱ्या भागात मुंग्यांच्या फौजेपुढून पळणारे किडे टिपणारे अँटबर्ड आहेत, मातीचे भट्टीसारखे घरटे बांधणारा होर्नेरो आहे. अशा बहुतांशी करड्या-तपकिरी पक्ष्यांच्या या गटात खंडातील जवळजवळ एक तृतीयांश जाती येतात! विविधता म्हणजे रंगांची उधळण नव्हे, हे विद्यार्थ्यांना पटवायला हा अपुरा ग्रंथही पुरेसा आहे.