लिस्बनचे दप्तर आणि माहीमची बखर

आपल्याच देशाचा इतिहास शिकण्यासाठी समुद्र ओलांडून जावे काय, हा प्रश्न आपल्या सुशिक्षित कुटुंबांत अधूनमधून निघतो आणि बहुधा थट्टेत विरून जातो. यंत्रशास्त्र किंवा वैद्यक शिकावयास मुलगा परदेशी निघाला तर पेढे वाटले जातात. इतिहासासाठी निघाला तर ‘आपला इतिहास आपल्याला साहेब शिकविणार काय?’ असा सवाल वडीलधारी मंडळी करतात. हा सवाल केवळ घरातच राहिला असता तर त्याची दखल घेण्याचे आम्हांस कारण नव्हते. परंतु २०२२ साली तो सरकारी नियमांत जाऊन बसला. अनुसूचित जाती, विमुक्त व भटक्या जमाती, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर यांच्या मुलांसाठी केंद्र सरकारची जी राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आहे, तिच्या त्या वर्षीच्या नियमांनी भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास व भारतविषयक समाजशास्त्रीय संशोधन हे विषय वगळून टाकले. या विषयांची साधने आणि जाणकार देशातच आहेत, मग त्यांसाठी परदेशी पैसा का दवडावा, असा त्यामागचा युक्तिवाद सांगितला गेला.

हा युक्तिवाद पोरकट नाही, आणि त्याची बाजू मांडावयाची तर ती पूर्ण जोराने मांडली पाहिजे. परंतु ‘इतिहास’ या मोघम शब्दावर वाद घालीत बसल्याने निर्णय होत नाही. एखादा लहानसा मुलूख घ्यावा, त्याच्या इतिहासाची साधने कोठे कोठे पडली आहेत ते पाहावे, ज्यांनी ती हाताळली त्यांचे ग्रंथ तपासावे, म्हणजे नियम खरा की खोटा हे आपोआप कळेल. यासाठी आम्ही पालघरचा किनारा घेतो. केळवे-माहीम, शिरगाव, तारापूर ही समुद्रकाठची ठाणी, आत अशेरीचा डोंगरी किल्ला, दक्षिणेस सोपारे व वसई. २०१४ साली ठाण्यापासून वेगळा झालेला हा जिल्हा नकाशावर नवा असला तरी त्याचा इतिहास अशोकाच्या काळापर्यंत मागे जातो.

घरी राहूनच इतिहास होतो असे म्हणणाऱ्यांस या किनाऱ्यावर दोन उत्तम साक्षीदार सापडतात. पहिले पंडित भगवानलाल इंद्रजी. १८८२ साली त्यांनी सोपाऱ्याचा स्तूप उकरला आणि अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा उजेडात आणला. कोणत्याही परदेशी विद्यापीठात ते शिकले नव्हते. उलट हॉलंडातील लायडेन विद्यापीठानेच त्यांस सन्मानाची डॉक्टरेट दिली. दुसरे साक्षीदार इतिहासाचार्य राजवाडे. १९२४ साली त्यांनी महिकावतीची बखर छापून प्रसिद्ध केली व तिला एक विस्तृत प्रस्तावना जोडली. महिकावती हे नाव मुंबईच्या माहीमशी जोडले जाते तसेच केळवे-माहीमशीही जोडले जाते, आणि बखरीतील उत्तर कोकण हा बव्हंशी आजच्या पालघर, ठाणे व मुंबईचाच मुलूख आहे.

या प्रस्तावनेसारखे लेखन मराठीत फार थोडे आहे. एका खेडवळ वाटणाऱ्या, गद्यपद्याची सरमिसळ असलेल्या, निरनिराळ्या काळी रचलेल्या जुन्या बाडातून राजवाडे एका प्रदेशाच्या वस्तीचे थरावर थर उलगडून दाखवितात. डोंगरातील वन्य जमाती, किनाऱ्यावरचे कोळी, मागाहून आलेले शेतकरी व वतनदार, त्यांच्यावर राज्य करून गेलेली घराणी, असा सारा पट त्या पानांतून डोळ्यांपुढे उभा राहतो. गावांची नावे, कुळांची नावे, बोलीतील शब्द यांवर त्यांची जी पकड आहे, ती लंडनच्या किंवा पॅरिसच्या कोणत्याही व्याख्यानमंदिरात मिळणारी नव्हे. ती पायपिटीने मिळते, मोडी बाडांवर डोळे फोडल्याने मिळते. इतके आमच्या प्रतिपक्षास आम्ही मोकळ्या मनाने देऊन टाकतो.

परंतु त्याच प्रस्तावनेत राजवाडे एक मोठा सिद्धान्त मांडतात. राजे आले आणि गेले, पण सामान्य जनता त्यांविषयी उदासीन राहिली. पोटापुरते सहज मिळणाऱ्या या लोकांस राज्य कोणाचे याची फारशी पर्वा नव्हती, असे त्या सिद्धान्ताचे सार आहे. विधान भव्य आहे, आणि राजवाड्यांच्या लेखणीतून उतरल्यामुळे ते अनेकांनी प्रमाण मानले आहे. आम्ही विचारतो, यास पुरावा कोणता? बखर ही कुळांच्या मानपानासाठी आणि वतनाच्या हक्कांसाठी जपलेली. तिच्यात नांगरधऱ्याचा, ताडीवाल्याचा, मीठ पिकविणाऱ्याचा आवाज नाही. ज्याचा आवाज कागदावर उतरलाच नाही त्यास उदासीन ठरविणे हे न्यायाचे होईल काय? तो किती सारा भरीत होता, कोणास भरीत होता, धनी बदलला तेव्हा त्याचा बोजा वाढला की घटला, हे कळल्यावाचून त्याच्या मनाविषयी निकाल देता येत नाही.

आणि हे कळविणारे कागद आहेत. १५३४ साली गुजरातच्या बहादुरशहाने वसई पोर्तुगीजांस दिली. पुढे किनारा त्यांच्या ताब्यात गेला आणि १७३९ पर्यंत, म्हणजे सुमारे दोनशे वर्षे, राहिला. या अमलात गावेच्या गावे पोर्तुगीज कुटुंबांस ठराविक वार्षिक खंडावर लावून दिली जात, आणि त्यांची नोंद होत असे. १५५४ साली सिमांव बोतेल्यो याने पोर्तुगीज हिंदुस्थानच्या उत्पन्नाचे जे दप्तर तयार केले, त्यात वसईचा हिशेब आहे. ते लिस्बन येथे १८६८ साली छापले गेले, म्हणजे राजवाड्यांच्या बखरीच्या छपन्न वर्षे आधी. गोव्याच्या दप्तरखान्यात ‘मोन्सोंइश’ नावाची बाडे आहेत. दर पावसाळी मोसमाच्या जहाजांबरोबर राजाकडून आलेली व राजाकडे गेलेली पत्रे त्यांत बांधलेली आहेत. त्यांपैकी साठांहून अधिक बाडे अठराव्या शतकातच लिस्बनला नेली गेली व ती तेथेच आहेत. म्हणजे केळवे-माहीमच्या शेतकऱ्याचा सारा ज्या कागदांवरून मोजता येईल, त्यांतील मोठा भाग तागुस नदीच्या काठी पडला आहे. साधने देशातच आहेत, हे वाक्य या किनाऱ्यापुरते तरी खरे नाही.

उलट बाजूचा ग्रंथही पाहू. गोव्याचे डॉक्टर जर्सन द कुन्हा यांनी १८७६ साली चौल व वसई यांच्या इतिहासावर आपले इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले. वैद्यकाचे शिक्षण त्यांनी मुंबईनंतर विलायतेत पुरे केले होते, आणि पोर्तुगीज भाषा तर त्यांस घरचीच. पडकी देवळे, मठ, थडग्यांवरील लेख, पोर्तुगीज बखरकार यांचा त्यांनी चांगला उपयोग केला आहे. पण मराठ्यांचा पक्ष त्यांच्या हाती पुरेसा नव्हता, व तो असणे शक्यही नव्हते. पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे सरदेसायांनी संपादिलेले ४५ खंड १९३० ते १९३४ या काळात बाहेर पडले. जानेवारी १७३९ मध्ये तारापूर पडले. या हल्ल्यात बाजी भिवराव रेठरेकर कामास आले. चिमाजी आप्पाच्या छावणीतील पत्रांतून ही झुंज एक दिसते, आणि तटाच्या आतून लिहिणाऱ्याच्या कागदांतून दुसरी दिसणार. दोन्ही एकाच मेजावर ठेवल्याखेरीज तारापूरचा खरा वृत्तान्त लिहिता येणार नाही. राजवाड्यांस एक अर्धे मिळाले, द कुन्हांस दुसरे. आणि दोघांचेही ग्रंथ आपापल्या अर्ध्यात श्रेष्ठ असून उरलेल्या अर्ध्यात लंगडे पडतात.

येथे कोणी पांडुरंग पिसुर्लेकरांचे नाव पुढे करील. गोव्याच्या दप्तरखान्यात त्यांनी आयुष्य घालविले, पोर्तुगीज आत्मसात केली, पोर्तुगीज-मराठे संबंधांवर प्रमाणभूत लेखन केले, आणि हे सर्व परदेशी विद्यापीठाची पायरी न चढता. गोष्ट खरी आहे. परंतु पिसुर्लेकरांस परके दप्तर आपल्याच दारात मिळाले होते आणि परकी भाषा राज्यकर्त्यांची म्हणून भोवती होती. पालघरच्या, जव्हारच्या किंवा बोईसरच्या विद्यार्थ्यास आज यांपैकी कोणती सोय आहे? अपवादावरून नियम करू नये, एवढेच आम्ही म्हणतो.

कागदांपलीकडे आणखी एक लाभ आहे. चांगले विद्यापीठ विद्यार्थ्यास प्रश्न आखडून घ्यावयास शिकविते. श्रीधर व्यंकटेश केतकर अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात गेले आणि १९०९ साली त्यांनी हिंदुस्थानातील जातींच्या इतिहासाचा पहिला भाग प्रसिद्ध केला. विषय अफाट, पण ग्रंथाने धरले ते एकच साधन, मनुस्मृति, आणि एकच काळ, इसवी सनाचे तिसरे शतक. ही शिस्त त्या काळच्या आमच्या लेखकांत दुर्मिळ होती. ग्रंथाची मर्यादाही उघड आहे. स्मृतीत काय असावे ते सांगितलेले असते, काय होते ते नव्हे. आणि शिलालेखांची व जमिनीची साक्ष त्यात तोकडी आहे. तथापि जो माणूस पुढे ज्ञानकोशाचे अवाढव्य काम मराठीत उभे करणार होता, त्याची तालीम येथे झाली, हे विसरता येत नाही.

दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. बडोदेकर सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली डॉ. आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१६ साली तेथे त्यांनी भारतातील जातींच्या उगमावर निबंध वाचला. आणि ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेच्या विकासावरील त्यांचा प्रबंध १९२५ साली पुस्तकरूपाने निघाला. एक विषय भारतीय समाजाचा, दुसरा भारतीय अर्थकारणाच्या इतिहासाचा. २०२२ चा नियम त्या वेळी बडोद्याच्या दरबारी असता, तर यांपैकी कोणत्याही विषयासाठी त्यांस पै मिळाली नसती. ज्या वर्गांच्या मुलांसाठी ती शिष्यवृत्ती आहे त्यांच्याच थोर पूर्वसूरीवर नियम असा लागू करून पाहावा, म्हणजे त्याचे दोष दाखविण्यास निराळ्या युक्तिवादाची गरज उरत नाही. सधन घरचा मुलगा स्वखर्चाने लिस्बनला जाईल, त्यास कोणी अडविणार नाही. अडतो तो शेतमजुराचा मुलगा, ज्याच्या पणजोबाचा सारा त्या बाडांत लिहिलेला असावयाचा.

याचा अर्थ परदेशी जाणारा प्रत्येक जण इतिहासकार होऊन परततो, असा नव्हे. पुष्कळांचा विषय मार्गदर्शकाच्या सोयीने ठरतो. प्रबंध इंग्रजीत लिहिला जातो, जबर किमतीस छापला जातो, आणि ज्या गावाविषयी तो आहे तेथे त्याची प्रत कधी पोचत नाही. काहींस मोडीचे एक अक्षर लागत नाही. साहेबाने भाषांतरिलेले उतारे ते साहेबास परत वाचून दाखवितात. वारली समाजाविषयी बोलताना ज्यास वारली बोली कळत नाही, १९४५ च्या वारल्यांच्या उठावाविषयी लिहिताना ज्याने तलासरीच्या म्हाताऱ्यांशी चार शब्द बोललेले नाहीत, त्याने कितीही मोठ्या विद्यापीठाची पदवी आणली तरी गोदावरीबाई परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकातील एका पानाची किंमत त्याच्या प्रबंधास येणार नाही.

म्हणून आमचे मागणे दुहेरी आहे. जाणाऱ्याने आधी घरची शिदोरी बांधावी: मोडी, गावची बोली, किल्ल्यांची व शिवारांची प्रत्यक्ष ओळख, आणि जमल्यास पोर्तुगीजची प्राथमिक तयारी. परतल्यावर प्रबंधाचे सार मराठीत लिहावे आणि पाहिलेल्या कागदांच्या नकला आपल्या जिल्ह्याच्या ग्रंथालयात ठेवाव्या. आणि धाडणाऱ्याने, मग तो बाप असो वा सरकार, विषयाचे नाव पाहून दार लावू नये. विद्यार्थ्याची तयारी पाहून उघडावे.

पालघरकरांस हे विशेष सांगण्याचे कारण आहे. तारापूर म्हटले की आज १९६९ पासून चालू असलेले अणुवीज केंद्र आठवते, बोईसर म्हटले की कारखाने. केंद्राच्या विस्तारासाठी अक्करपट्टी व पोफरण ही गावे उठली. वाढवण येथे मोठ्या बंदराचा पायाही २०२४ साली घातला गेला. किनाऱ्याचा चेहरा झपाट्याने बदलत आहे, आणि उठलेल्या गावाबरोबर त्याच्या वहिवाटी, त्याच्या समुद्राच्या वाटा, त्याच्या म्हाताऱ्यांच्या आठवणी उठून जातात. कागद लिस्बनला आणखी शंभर वर्षे टिकतील. ते वाचून त्यांतील गाव ओळखू शकणारी माणसे इतकी टिकणार नाहीत. या वसाहतींतल्या शंभर घरांनी आपली मुले यंत्रशास्त्रास खुशाल धाडावी. पण एखाद्या घरातील मुलगा किंवा मुलगी इतिहासाचे नाव काढील, तर तेथे तरी ‘साहेब काय शिकविणार?’ असे विचारू नये. साहेबाच्या देशी आपल्याच गावचा हिशेब ठेवलेला आहे, आणि तो मागून आणावयास आपल्यापैकीच कोणी तरी गेले पाहिजे.