‘फॅरेनहाइट ४५१’ : आगीच्या आधीची गफलत

रे ब्रॅडबरी या अमेरिकन लेखकाची ‘फॅरेनहाइट ४५१’ ही कादंबरी १९५३ साली प्रसिद्ध झाली. पुस्तके जाळणाऱ्या राजवटीची कथा म्हणून ती ओळखली जाते. नायक गाय माँटॅग अग्निशामक दलात नोकरीला आहे. परंतु घरे आता पेट घेत नाहीत, म्हणून या दलाकडे आग लावण्याचे काम सोपवले आहे. ज्या घरात पुस्तके सापडतील ते जाळायचे. तथापि कादंबरी लक्षपूर्वक वाचली, तर बंबापेक्षा माँटॅगच्या दिवाणखान्याचीच भीती अधिक वाटते.

या दिवाणखान्याच्या तीन भिंती म्हणजे तीन प्रचंड पडदे. माँटॅगची पत्नी मिल्ड्रेड त्यांवरील पात्रांना आपले ‘कुटुंब’ म्हणते. तिला चौथी भिंतही हवी आहे. किंमत २,००० डॉलर, म्हणजे नवऱ्याच्या वर्षभराच्या पगाराचा तिसरा हिस्सा. रात्री कानात शिंपल्याएवढे रेडिओ. एका रात्री ती झोपेच्या गोळ्यांची बाटली रिकामी करते आणि सकाळी तिला ते आठवतही नाही. शेजारची मुलगी क्लॅरिस मोटारीखाली सापडली, हे नवऱ्याला सांगायचे ती चार दिवस विसरते.

तिच्या कार्यक्रमाची संहिता टपालाने येते. त्यात एका पात्राचे संवाद गाळलेले असतात. ते तिने घरबसल्या म्हणायचे. पण तिच्या वाट्याला येते ती केवळ होकाराची वाक्ये. आम्हा शिक्षकांना हा प्रसंग अनोळखी नाही. वर्गात ‘समझे?’ विचारले की सगळी मुले एका सुरात ‘जी!’ म्हणतात. भाग घेतल्याचे समाधान मिळते, विचार मात्र करावा लागत नाही.

जॉर्ज ऑर्वेलच्या ‘१९८४’ (१९४९) या कादंबरीतील टेलिस्क्रीन सरकारने लावलेला आहे. विन्स्टनसारख्या सामान्य पक्षसदस्याला तो बंद करता येत नाही. मिल्ड्रेडच्या भिंती घरच्या पैशांतून विकत घेतलेल्या आहेत आणि त्या बंद करायला तिला कोणी मना केलेले नाही. ब्रॅडबरीचे वेगळेपण इथे आहे.

असे का झाले, याचे उत्तर माँटॅगचा वरिष्ठ कॅप्टन बीटी देतो. सुरुवात सरकारने केली नाही, लोकांनीच पुस्तके सोडली, असे तो सांगतो. येथवर त्याचे पटते. पुढे तो अल्पसंख्याक गटांची भली मोठी यादी वाचतो : प्रत्येकाच्या भावना जपता जपता पुस्तके गुळमुळीत झाली आणि शेवटी नकोशी झाली. आपल्यासारखा वाचक इथे अडखळतो. १९७९ साली कादंबरीला जोडलेल्या टिपणात ब्रॅडबरीनेही स्वतःच्या नावाने असाच सूर लावला आहे, त्यामुळे हे केवळ पात्राचे मत म्हणून सोडून देता येत नाही.

परंतु कादंबरी सांगते एक आणि दाखवते दुसरेच. पुस्तकाने दुखावलेला एकही अल्पसंख्याक माणूस तिच्या प्रसंगांत आपल्यासमोर येत नाही. समोर येते ती मिल्ड्रेड. तिला कोणत्याही पुस्तकाने दुखावलेले नाही. तिला पुस्तकात माणसेच दिसत नाहीत. दुखावला जाणारा वाचक निदान वाचतो, वाद घालतो, उत्तर लिहितो. न वाचताच बंदी मागणारे मात्र आपल्यातही आहेत, आणि ते मिल्ड्रेडचेच भाऊबंद होत. त्यांचा दोष ते अल्पसंख्याक असण्यात नाही, न वाचण्यात आहे.

खुद्द या पुस्तकाचा इतिहासही हेच सांगतो. १९६७ मध्ये प्रकाशकांनी शाळांसाठी काढलेल्या आवृत्तीत काही शब्द आणि प्रसंग लेखकाला न विचारता बदलले. कोणी होळी केली नाही, कोणी मोर्चा काढला नाही. लेखकाला हे समजेपर्यंत अनेक वर्षे गेली.

म्हणून मला बीटीपेक्षा साहित्याचा निवृत्त प्राध्यापक फेबर अधिक प्रामाणिक वाटतो. लोकांनी वाचणे सोडले हे तोही मान्य करतो. पण वारे कुठे वाहते ते दिसत असताना आपण गप्प राहिलो, हा गुन्हा तो स्वतःकडे घेतो. बीटी लोकांकडे बोट दाखवून आपल्या हातातील आगीला सबब शोधतो. ‘लोकांनाच हे हवे होते’ ही सबब प्रत्येक हुकूमशहाला प्रिय असते. लोकांची उदासीनता सत्तेची वाट मोकळी करते, पण सत्तेला निर्दोष ठरवत नाही.

मराठीत ‘गफलत’ म्हणजे चूक किंवा घोटाळा. उर्दूत तो अर्थ अधिक खोल आहे : जागे असून बेखबर असणे. मिल्ड्रेडची अवस्था नेमकी हीच. अखेरीस तीच नवऱ्याविरुद्ध वर्दी देते आणि घर सोडताना तिला हळहळ वाटते ती पडद्यावरच्या ‘कुटुंबा’ची. युद्धाची विमाने साऱ्या कादंबरीभर डोक्यावरून जात असतात, पण त्याविषयी विचारायला कोणाला सवड नाही. शहर नष्ट होते तेव्हा उरतात ती रानात भटकणारी, एकेक पुस्तक मुखोद्गत केलेली माणसे. हिफ्जची परंपरा जपणाऱ्या आपल्या समाजाला हे चित्र ओळखीचे वाटेल. मात्र ती माणसे वाट पाहत आहेत ती ऐकू इच्छिणाऱ्याची. विचारणाराच नसेल, तर पाठ केलेले पुस्तकही बंदच राहते.