चित्र आणि कथन : एका चित्रदालनांतील तीन प्रदर्शनें

लोकवर्गणींतून उभ्या राहिलेल्या आमच्याकडील एका लहानशा चित्रदालनांत यंदा दिवाळीपासून होळीपर्यंत ओळीनें तीन प्रदर्शनें भरलीं : पहिलें चित्रकथीच्या पानांचें, दुसरें सावंतवाडीच्या गंजिफांचें व तिसरें विद्यार्थ्यांनीं काढलेल्या जुन्या वाड्यांच्या चित्रांचें. एवढें काम स्वतःच्या हिमतीवर तडीस नेणाऱ्या चालकांचें अभिनंदन प्रथम केलें पाहिजे. परंतु इतिहाससंशोधकाच्या दृष्टीनें प्रदर्शनांतील प्रत्येक वस्तु हें एक साधन आहे. आणि तें बोलेल कीं मुकें राहील हें मांडणीच्या रीतीवर ठरतें. या कसोटीनें तिहींचा विचार येथें करावयाचा आहे.

चित्रवीथीची कल्पना आपल्याकडे नवी नाहीं. भवभूतीच्या उत्तररामचरिताच्या पहिल्या अंकांत राम, सीता व लक्ष्मण स्वतःच्याच चरित्राचीं चित्रें पाहतात. पण तीं मुकाट्यानें पाहत नाहींत. लक्ष्मण एकेक प्रसंग दाखवून सांगत जातो, शूर्पणखा दिसतांच सीता भिते, जनस्थानाच्या चित्रापाशीं रामाचें दुःख पुन्हां जागें होतें, आणि तीं चित्रें पाहूनच सीतेस भागीरथीकांठच्या वनांत जाण्याची इच्छा होते. बाणाच्या हर्षचरितांतील पांचव्या उच्छ्वासांत बाजाराच्या वाटेवर यमपट्टिक उभा आहे. त्याच्या डाव्या हातीं महिषारूढ यमाचा पट, उजव्या हातीं बोरूची काडी आणि भोंवतीं कुतूहलानें जमलेलीं पोरें. मुद्राराक्षसांतील चाणक्याचा हेर यमपट दाखवीत व गाणीं गात चंदनदासाच्या घरांत शिरतो आणि राक्षसाची मुद्रा हस्तगत करतो. पट घेऊन घरोघर गात फिरणारा मनुष्य लोकांच्या इतक्या परिचयाचा होता कीं त्याचा कोणास संशयहि आला नाहीं. बाराव्या शतकांतील सोमेश्वराच्या मानसोल्लासांत तर चित्रकथक या नांवानेंच त्याचा निर्देश आहे. तात्पर्य, चित्र आणि तें दाखवून सांगणारा हीं आपल्या परंपरेंत एकाच व्यापाराचीं दोन अंगें होत.

या परंपरेची जिवंत शाखा कुडाळजवळ पिंगुळी येथें ठाकर समाजानें राखली आहे. सावंतवाडीकर भोसल्यांचा आश्रय तिला लाभला होता. रामायण-महाभारतांतील एकेका आख्यानाची एक पोथी असते. पोथींतील चित्रें पाठीस पाठ लावून चिकटविलेलीं असतात. चित्रकथी एकेक पान उभें धरून वीणा, हुडूक व टाळ यांच्या साथीनें कथा गातो, आणि प्रसंग संपला कीं पान पालटतो. याच समाजांतील श्री. परशुराम आत्माराम गंगावणे यांस इ. स. २०२१ मध्यें पद्मश्री मिळाली, हें सर्वश्रुत आहे.

आतां आमच्या दालनांत काय दिसलें तें पाहूं. सुमारें वीस पानें निरनिराळ्या चौकटींत कांचेखालीं बसवून भिंतीवर टांगलीं होतीं. चौकटीची पाठ लांकडी फळीनें बंद. म्हणजे ज्या पानास दोन चित्रें, त्याचें एक भिंतीकडे तोंड करून अदृश्य झालें होतें! क्रमहि सुटला होता. वालिवधानंतर सीताहरण लागलें होतें. चिठ्ठीवर ‘पैठण शैली, अठरावें शतक’ एवढेंच. यांपैकीं ‘पैठण’ हें नांव या प्रकारचीं पानें त्या गांवीं मिळालीं म्हणून रूढ झालें. तीं तेथेंच काढलीं गेलीं असें त्यावरून सिद्ध होत नाहीं. शतकास तर प्रदर्शनांत कांहींच आधार दिलेला नव्हता. पानें कोणत्या पोथींतील, कोणाकडून आलीं, त्यांवर क्रमांक वा लेख आहे कीं नाहीं, याचा उल्लेख नाहीं.

यावर कोणी म्हणेल, रसिकास रंगरेषा पुरेशा आहेत. ठीक. पण त्या रेषाच नीट पाहाव्या. पात्रें बहुधा एकचष्म, डोळे विशाल, आणि दोन पक्ष समोरासमोर उभे. हा बोलणाऱ्यांचा संवाद आहे. हें कोण बोललें व त्यानें काय उत्तर दिलें, हें गाणाऱ्याला बोटानें दाखवितां यावें अशीच ती रचना आहे. कथन काढून घेतलें कीं रचनेचें कारणच नाहींसें होतें. प्रस्तुत लेखकाच्या देखत एका मुलानें हनुमंताच्या चित्रापुढें उभें राहून ‘पुढें काय झालें?’ असें विचारलें. उत्तर देणारें तेथें कोणी नव्हतें. बाणाच्या बाजारांतील पोरें या मुलाहून भाग्यवान म्हणावयाचीं.

हा दोष केवळ मांडणीचा असता तर एवढें लिहिलें नसतें. सुट्या पानास चौकट मिळते, चौकटीस गिऱ्हाईक मिळतें, आणि त्यापायीं पोथ्या फुटतात. एकदां दहा घरीं गेलेली पोथी पुन्हां जुळणें जवळजवळ अशक्य. ताम्रपटाचे पत्रे कडी तोडून निरनिराळे विकावे तसाच हा प्रकार आहे. लोकांच्या पैशानें चालणाऱ्या दालनानें तरी या चालीस प्रतिष्ठा देऊं नये.

दुसरें प्रदर्शन याच्या अगदीं उलट, म्हणून मनास समाधान देणारें झालें. दशावतारी गंजिफांचा १२० पानांचा पुरा डाव क्रमानें मांडला होता : दहा अवतार, प्रत्येकाचीं बारा पानें, राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत. शेजारीं सतरंजीवर दुसरा डाव खेळावयास ठेवला होता, व एक जाणते गृहस्थ दिवसां रामानें व रात्रीं कृष्णानें उतरावयाची रीति शिकवीत होते. लोक बसले, हरले, हंसले, आणि उठतांना पानांवरील चिन्हें ओळखूं लागले.

तिसऱ्या प्रदर्शनांतील हात कच्चे आहेत. छाया कोठें कोठें फसली आहे. परंतु प्रत्येक चित्राखालीं वाड्याचें ठिकाण व काढल्याची तिथि लिहिली आहे. वाडे पडत आहेत. उद्यां हींच चित्रें पुरावा ठरतील. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांनीं जें केलें तें मोठ्यांस कठीण कां व्हावें?

चालकांस तीन सूचना कराव्याशा वाटतात. पानांस दोहों बाजूंनीं कांच द्यावी. पोथी, क्रम व प्राप्तिस्थान यांची नोंद प्रत्येक पानाबरोबर ठेवावी. आणि प्रदर्शनाच्या काळांत निदान एक दिवस पिंगुळीच्या कथेकऱ्यास सन्मानानें बोलावून, योग्य बिदागी देऊन, त्याचें कथन समग्र मुद्रित करून ठेवावें. पान दोनशें वर्षें टिकूं शकेल. गाणाऱ्याचा कंठ तितका टिकत नाहीं. म्हणून तिसरी सूचना आधीं अमलांत यावी.